बोट लागते, तरी बोटीवरच?

ताई, नमस्कार.

मी सोलापूरची. पोस्टात नोकरी केली, आता निवृत्त, वय ६२. आमचे हे मूळचे मालवणचे, पाटबंधारे खात्यात होते. येत्या मे महिन्यात लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होतील. दोन वर्षांपूर्वी सासरची चौदा माणसं मिळून सिंगापूरहून सुटणाऱ्या एका भल्यामोठ्या जहाजावर चार रात्री राहून आलो. मला मजा आली. नातवंडं घसरगुंड्यांवर, आम्ही जावा-जावा गप्पांत, रात्री गाणं-बजावणं. हे मात्र चारही दिवस घुम्यासारखे. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "सगळं होतं, समुद्र तेवढा नव्हता."

आता जाऊबाई त्याहून मोठ्या जहाजाचं ठरवताहेत. आणि यांनी कुठूनशी नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या एका लहान बोटीची माहिती काढून आणली आहे. बारा दिवस, आम्ही दोघंच. तिच्यावर ना नाटक, ना कसिनो, ना पोहण्याचा तलाव. आणि पैसे जास्त! जाऊबाई म्हणतात, "मिळतं कमी आणि मोजायचं जास्त, हा कुठला हिशेब?" मला बोट लागते. मी शाकाहारी आहे. गुडघे दुखतात. सासूबाई बुडालेल्या 'रामदास' बोटीच्या गोष्टी सांगायच्या, त्या अजून डोक्यातून जात नाहीत. आणि खरं सांगू का, यांच्याशी बारा दिवस बोलायचं काय? घरी निदान टीव्ही असतो. लहान बोटीत लोकांना एवढं काय दिसतं, ते मला नीट समजावून सांगा. मग हो म्हणायचं की नाही, ते मी ठरवीन.

— बोट लागणारी, सोलापूर

नमस्कार.

सही वाचून हसले. आपल्या भाषेत गाडी लागते, बोट लागते, जणू काही दोष त्या गाडीचा किंवा बोटीचाच. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, टीव्हीच्या आड लपवून लिहिली आहे. तिच्याकडे येतेच. आधी जाऊबाईंचा हिशेब घेऊ, कारण तो चुकीचा नाही, अर्धा आहे.

मोठं जहाज म्हणजे किती मोठं? २०२४ साली 'आयकॉन ऑफ द सीज' नावाचं जहाज सुरू झालं. वीस मजले. एका केबिनमध्ये दोघं धरली तर ५,६१० प्रवासी, खच्चून भरलं तर ७,६००, आणि त्यांची बडदास्त ठेवायला २,३५० कर्मचारी. सगळे मिळून दहा हजारांच्या घरात. एवढ्या वस्तीला आपल्याकडे आठवडी बाजार भरतो. अशा जहाजावर माणूस समुद्र बघायला जात नाही, जहाज बघायला जातो, आणि त्यात वाईट काही नाही. तिथल्या काही केबिनच्या खिडक्या तर समुद्राकडे नाही, आतल्या बाजूच्या दुकानांकडे आणि बागेकडे उघडतात. तेव्हा तुमचे हे "समुद्र तेवढा नव्हता" म्हणाले, ते तिरकस वाटलं तरी शब्दशः खरं होतं.

भाडं कमी का पडतं, तेही यातच आलं. कप्तान एकच, आणि इंजिनाचा खर्च काही प्रवाशांच्या पटीत वाढत नाही. तो पाच-सहा हजार डोक्यांवर वाटला की एका डोक्याला हलका पडतो. उरलेली कमाई जहाजावर चढल्यावर होते: पेयं, कसिनो, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, रोजची बक्षिशी. सिंगापूरच्या सहलीचं शेवटच्या दिवशी आलेलं बिल घरात असेल तर काढून बघा. तिकीट एका बाजूला आणि ते बिल दुसऱ्या बाजूला ठेवा, मग जाऊबाईंशी बोला. लहान बोटीवर कप्तान नि इंजीन थोड्या माणसांना पोसावं लागतं, म्हणून दर चढा. पण बऱ्याच लहान बोटींवर जेवण, वाटाड्या आणि किनाऱ्यावरच्या सहली भाड्यातच धरलेल्या असतात. बऱ्याच म्हणते, सगळ्या नव्हे. नॉर्वेच्या बोटींवर सहलींचे पैसे वेगळे असतात, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर माझ्या नावाने बोटं मोडाल.

आता लोकांना लहान बोटीत काय दिसतं. सगळ्यात आधी, जमीन दिसते. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं, लांबलचक धक्का लागतो. तो नसला की जहाज बाहेर नांगर टाकतं आणि माणसं छोट्या होड्यांमधून किनाऱ्याला नेतात. तीन-चार हजार माणसांचे नंबर लागेपर्यंत सकाळ सरते. कित्येक जागी तर आता कायद्यानेच मोठ्यांना दार बंद आहे. व्हेनिसमध्ये १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरची किंवा १८० मीटरपेक्षा लांब जहाजं जुन्या शहराच्या मधल्या कालव्यातून जाऊ शकत नाहीत. गॅलापागोस बेटांत शंभरपेक्षा जास्त प्रवाशांची बोट चालत नाही, आणि किनाऱ्यावर एका वाटाड्यामागे सोळाच माणसं. अंटार्क्टिकात एका वेळी एका जागी शंभरच माणसं उतरू शकतात; पाचशेच्या वर प्रवासी असलेल्या जहाजाने कुणाला उतरवायचंच नाही, लांबून बर्फ दाखवून परत फिरायचं. विचार करा, एवढं लांब जाऊन डेकवरूनच पेंग्विनला हात हलवायचा!

पण तुमच्या यांना पेंग्विन नकोत. त्यांना काय हवंय, याचा माझा एक अंदाज आहे, आणि तो मालवणच्या बंदरातून येतो.

ते लहान असताना मुंबईहून कोकणात आगबोटी जात. भाऊच्या धक्क्यावरून सुटायच्या आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असं बंदर घेत घेत खाली पणजीपर्यंत. त्यांच्या आधीच्या पिढीत तर बोटींना संतांची नावं असायची: रामदास, तुकाराम. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राहायची आणि पडाव माणसं, ट्रंका, करंड्या घेऊन ये-जा करायचे. मे महिन्यात परतीच्या फेरीला आंब्याच्या पेट्यांचा वास डेकभर. पावसाळ्यात सगळं बंद. त्या बोटीवरून दिवसभर किनारा दिसायचा, हे महत्त्वाचं. अमक्याचं गाव आलं, तो बघा दीपस्तंभ, आता विजयदुर्गाचे बुरूज येतील, असं म्हणत माणसं कठड्याशी उभी असायची. रस्ते झाले, एसटी आली, आगबोटी गेल्या. ज्याने लहानपणी असा प्रवास केलाय, त्याला चार दिवस निळं पाणी आणि वर लाउडस्पीकर दिलात तर तो घुमाच होणार.

आणि यांनी जी बोट शोधून काढली आहे, ती म्हणजे नॉर्वेतली आगबोटच. फरक एवढाच, की आपली बंद पडली आणि त्यांची चालू राहिली.

इथे तुमच्या कामाची गोष्ट येते. यांच्या नव्हे, तुमच्या. ती बोट सुरू झाली टपालासाठी. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या उत्तरेला रस्ता नव्हता, रेल्वे नव्हती. त्रोंधाइमहून हामरफेस्टला पाठवलेलं पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी पोहोचायचं आणि हिवाळ्यात पाच महिन्यांनी. पस्तीस वर्षं पोस्टाची शिस्त पाळलेल्या बाईने या आकड्यावर घटकाभर थांबावं. तो किनारा खडकांनी इतका भरलेला, की हिवाळ्याच्या अंधारात तिथून बोट न्यायला कुणी धजेना. रिचर्ड व्हिथ नावाच्या कप्तानाने ते पत्करलं. २ जुलै १८९३ ला त्याची 'वेस्टरोलेन' ही बोट त्रोंधाइमहून निघाली आणि ६७ तासांत हामरफेस्टला लागली. तीन आठवड्यांचं काम तीन दिवसांच्या आत! तिथल्या लोकांनी त्या मार्गाला नावच दिलं 'हुर्टिगरुटेन', म्हणजे जलद मार्ग. पुढे तो दक्षिणेला बर्गनपर्यंत आणि उत्तरेला पार रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत वाढला. आज ३४ बंदरं आहेत आणि दोन कंपन्या मिळून ती सेवा चालवतात. एकीचं नाव हुर्टिगरुटेनच, दुसरी हाविला.

या बोटी फार चिमुकल्या नाहीत. पाच-सहाशे माणसं मावतात, आणि त्यातली काही दोन बंदरांपुरती चढलेली गावकरी मंडळी असतात: शाळेच्या स्पर्धेला निघालेली पोरं, दवाखान्यातून परतणारी आजी. गॅलापागोसच्या शंभरीतल्या बोटीपुढे ही मोठीच. पण तुमच्या सिंगापूरच्या जहाजापुढे म्हणाल तर एसटी स्टँडसमोरची रिक्षा.

मी गेले होते, त्याला आता काही वर्षं झाली. पहिल्या रात्री दोनच्या सुमाराला खालून धडधड ऐकू आली. वाटलं, संपलं सगळं. अंगावर शाल घेऊन डेकवर गेले तर बोट कुठल्याशा टीचभर गावाच्या धक्क्याला लागलेली. बाजूचं दार उघडं, फोर्कलिफ्टवाला पोरगा खोकी आत-बाहेर करतोय, एक बाई कुत्रा घेऊन उतरतेय, आणि धक्क्यावर एक म्हातारा हाताची घडी घालून नुसता बघत उभा. बारा-पंधरा मिनिटांत दोर सुटले आणि आम्ही निघालो. त्या पंधरा मिनिटांसाठी मी पैसे भरले होते, असं मला अजूनही वाटतं. ज्यांना हे वाचून "त्यात काय?" वाटलं, त्यांनी या बोटीवर जाऊ नये, अगदी खरंच. तुम्हाला काय वाटलं, ते मनाशी नोंदवून ठेवा.

बाकी बघण्यासारखं पुष्कळ आहे. वेळापत्रक असं बांधलंय, की वर जाताना जी बंदरं रात्री लागतात ती परत येताना दिवसा लागतात. मधेच आरपार भोक असलेला तोर्गहातेन डोंगर दिसतो. आर्क्टिक वृत्त ओलांडताना एका खडकावर पृथ्वीचा गोल उभारलाय, तो दिसला की बोट भोंगा देते, आणि मग समुद्रदेवाचं सोंग घेतलेला कुणी खलाशी हौशी प्रवाशांच्या मानेत बर्फ घालतो. तुम्ही हौशी नसाल तर मागे उभ्या राहा. लोफोतेनच्या बेटांत ट्रोलफ्योर्ड नावाची खाडी आहे. तोंडाशी जेमतेम शंभर मीटर रुंद, दोन्ही अंगांनी उभे कडे. हवामान बरं असेल तर बोट तिच्यात शिरते आणि आतल्या आत गर्रकन वळून बाहेर येते. तिथे आमच्या डेकवर कुणी बोलत नव्हतं.

आता बोट लागण्याविषयी. लहान बोट मोठीपेक्षा जास्त हलते; उलट सांगणारा दलाल खोटं बोलतोय. पण कुठल्या पाण्यात, हा त्यापुढचा प्रश्न. या मार्गाचा बराचसा भाग बेटांच्या आणि मुख्य किनाऱ्याच्या मधून, आडोशाने जातो. उघडा समुद्र लागतो तो मोजक्या जागी: दक्षिणेला स्टाडचं टोक, पुढे हुस्टाडविका, मग बूडे ते लोफोतेन यांच्यामधला वेस्टफ्योर्ड, आणि अगदी वर उत्तर टोक ओलांडल्यावर. तिथे काही तास हलतं, हिवाळ्यात चांगलंच हलतं. मे अखेर ते ऑगस्ट हा त्यातल्या त्यात शांत काळ.

केबिन मधली आणि खालच्या मजल्यावरची मागा. एसटीत शेवटच्या बाकावर किती आदळतं ते आठवा, बोटीचंही तसंच. नाकाडाजवळची केबिन तर मुळीच घेऊ नका. रात्रीबेरात्री धक्क्याला लागताना पुढची यंत्रं घरघरतात. गोळी घ्यायची ती मळमळ सुरू होण्याआधी, निदान अर्धा-एक तास. सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. ॲव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, आणि यांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. आलेपाक चालतो. पोट रिकामं ठेवू नका. उघड्यावर या आणि क्षितिजाकडे बघा, मोबाइलकडे नको.

आणि त्याआधी एक रंगीत तालीम करा. सोलापूरहून मुंबईला या, गेटवेवरून मांडव्याला जाणारी साधी लाँच पकडा. भाऊच्या धक्क्यावरून जाणारी, गाड्याही नेणारी ती मोठी रो-रो नको, ती फार शहाण्यासारखी चालते. गोळी घेऊन जा, परतताना गोळी न घेता या. त्या दोन फेऱ्यांत तुम्हाला जे कळेल ते मी दहा पानं लिहूनही कळणार नाही.

'रामदास'चं काय? १७ जुलै १९४७. भर पावसाळ्यात, खच्चून भरलेली बोट मुंबईहून रेवसला निघाली आणि रेवसच्या अलीकडे कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली, आणि बोटीवर बिनतारी यंत्रणा नसल्याने मुंबईला बातमी कळायलाच कित्येक तास लागले. कोकणातल्या एका पिढीच्या मनात ती बोट अजून बुडतेय. तुमच्या सासूबाई सांगायच्या यात नवल नाही. पण ती लहान होती म्हणून बुडाली नाही. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडलं, ते चार हजारांहून जास्त माणसांचं जहाज होतं. त्यानंतर नियम कडक झाला: संकटात कुठे जमायचं, जाकीट कसं घालायचं, हे बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी प्रवाशांना शिकवलंच पाहिजे. ती कवायत टाळून खोलीत पडून राहणारे महाभाग असतात. तुम्ही जा, आणि यांनाही दंडाला धरून न्या.

डॉक्टरचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, मी काढते. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं घेऊन तीन दिवसांपेक्षा लांब आंतरराष्ट्रीय प्रवासाला जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर असलाच पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे शंभरीच्या आतल्या बोटीवर तो असेलच असं नाही. नॉर्वेच्या किनारी बोटींवरही डॉक्टर नसतो. पण त्या दिवसातून अनेकदा बंदराला लागतात आणि वाटेतल्या शहरांत इस्पितळं आहेत. बीपी-शुगर आटोक्यात असेल तर हे पुरतं. कुणाचं हृदयाचं काही नुकतंच झालं असेल तर मी म्हणेन, जाऊबाईंबरोबर मोठ्या जहाजावर जा; तिथे अख्खा दवाखाना असतो. व्हिसा शेंगेनचा लागेल आणि त्याला किमान ३०,००० युरोचा आरोग्यविमा बंधनकारकच आहे. त्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय ना, ते तेवढं वाचून घ्या.

गुडघ्यांना ही बोट बरी. ती थेट धक्क्याला लागते, फळीवरून चालत उतरायचं, आत लिफ्ट आहे. गॅलापागोस-अंटार्क्टिकात रबरी होडीतून गुडघाभर पाण्यात उडी टाकून उतरावं लागतं, तिकडे तुम्हाला मी पाठवणार नाही.

जेवण ही मात्र खरी अडचण आहे. तो मासळीचा देश आहे. तुमच्या मालवणकरांची चंगळ, तुमची नाही. शाकाहारी आहोत हे तिकीट काढतानाच लेखी कळवा, चढल्यावर स्वयंपाक्याला पुन्हा सांगा. पाव, बटाटे, सॅलड, सूप, फळं मिळतात. तपकिरी चीज असतं तिथे, दह्याच्या निवळीसारखं पाणी आटवून आटवून केलेलं. खाताना मला साताऱ्याच्या कंदी पेढ्याची आठवण झाली. चीज करताना दूध गोठवायला रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातला अर्क, वापरतात; तो चालत नसेल तर चीज घेण्याआधी विचारून घ्या. घरून तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. युरोपाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला नॉर्वेत बंदी आहे. पण सोलापूरच्या माणसाला मी काय सांगू? कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या. बारा दिवस काय, बारा आठवडे टिकेल.

आता ती ओळ. "यांच्याशी बारा दिवस बोलायचं काय?"

सिंगापूरच्या जहाजावर तुम्हाला मजा आली, कारण बोलायला तेरा माणसं होती, आणि त्यात यांच्याशी बोलायची वेळच आली नाही. मला यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात असं होतंच. पण लहान बोटीबद्दल तुमची कल्पना मात्र चुकली आहे. तुम्हाला वाटतंय, एका खोलीत दोघं समोरासमोर कोंडली जाणार. तसं नसतं. या बोटींच्या वरच्या मजल्यावर पुढच्या बाजूला काचेचं मोठं दालन असतं, आणि त्यातल्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या असतात. तुम्ही दोघं शेजारी शेजारी बसाल, समोरासमोर नाही. आमचे हेसुद्धा तुमच्या यांच्याच जातीचे; घरात "चहा झाला का?" याच्यापुढे गाडी जात नाही. त्या खुर्चीत दोन-दोन तास गप्प बसायचे आणि मधेच म्हणायचे, "तो बघ, गरुड." एवढ्यावर दिवस निघायचा आणि मला तो रिकामा वाटला नाही. विणकाम घेऊन जा. खुशाल वाचा.

आणि तुम्हा दोघांनाच राहावं लागेल, हेही खरं नाही. मोठ्या जहाजावर लिफ्टमध्ये भेटलेला माणूस पुन्हा दिसत नाही. इथे तिसऱ्या दिवशी न्याहारीला तीच जर्मन जोडी, तीच एकटी आलेली इंग्लिश आजी. चौथ्या दिवशी ती तुम्हाला गुडघ्याविषयी विचारणार आणि तुम्ही तिला शेंगाचटणी देणार. कुणाकुणाला ही ओळखदेख नकोशी होते, त्यांनी मोठ्या गर्दीतच हरवावं. तुम्ही तशा वाटत नाही. जिने पस्तीस वर्षं खिडकीच्या पलीकडच्या माणसाला हाताळलं, तिचं इंग्रजी मोडकं असलं तरी चालून जातं.

यांच्या बाबतीत मी भविष्य सांगत नाही. पण बंदराला बोट लागताना दोर कसा टाकतात, माल कसा उतरतो, हे बघून मालवणचा माणूस एक शब्द बोलणार नाही, यावर पैज लावायला मी तयार नाही. तुम्ही विचारा त्यांना, पडावातून बोटीवर चढताना भीती वाटायची का. चाळीस वर्षांत विचारलंय कधी?

माझं मत विचाराल तर: जा, पण बारा दिवस नको. यांच्या उत्साहाला तेवढी कात्री लावा. बर्गनहून किर्केनेसपर्यंत फक्त वर जाणारी फेरी घ्या. सहा रात्री, सातव्या दिवशी सकाळी उतरायचं आणि विमानाने ओस्लोमार्गे परत. पहिल्या खेपेला तेवढं पुरे. मे महिन्याच्या शेवटी गेलात तर उत्तर टोकाला सूर्य मावळतच नाही. नोर्डकाप या टोकाला साधारण १४ मेपासून २९ जुलैपर्यंत तो रात्रभर आकाशात असतो. आकाशातले हिरवे-निळे उत्तरी प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) तेव्हा दिसणार नाहीत, त्यांना सप्टेंबर ते मार्चचा अंधार लागतो, आणि त्या समुद्रात तुम्हाला पाठवायला माझं मन धजत नाही. यांनी हट्ट धरला तर माझं नाव सांगा.

मांडव्याची तालीम अगदीच फसली, तर समुद्र सोडा आणि नदी धरा. आसामात ब्रह्मपुत्रेवर दहा-बारा ते वीस-पंचवीस खोल्यांच्या बोटी ऑक्टोबर ते एप्रिल चालतात. तिथे लाटा नाहीत, त्यामुळे लागायचं काही कारण नाही. नदीतली वाळूची बेटं दर पावसाळ्यात जागा बदलतात, म्हणून वाटाडे बांबू रोवून वाट आखतात, आणि रात्री बोट चालवत नाहीत. एखाद्या निर्मनुष्य वाळूच्या बेटाला बांधून ठेवतात. माजुलीचे सत्र म्हणजे वैष्णव मठ, काझीरंगाचे गेंडे, शिवसागरची अहोम राजांची रंगघर-तलातलघर, सुआलकुचीचे माग, असं सगळं वाटेवर. शाकाहारी जेवणाची चिंता नाही, व्हिसा नाही, मेमध्ये जमणार नाही एवढंच. फेब्रुवारीत साजरा करा लग्नाचा वाढदिवस.

जाऊबाईंशी भांडू नका. त्यांचं जहाज वाईट नाही. तीन पिढ्या एकत्र न्यायच्या, पोरांना मोकळं सोडायचं, कुणी चाकाच्या खुर्चीत आहे, तिकीट स्वस्त हवं. अशा वेळी मीसुद्धा मोठंच जहाज सांगते. त्या सहलीला तुम्ही एकट्या जाऊ शकता आणि हे घरी राहू शकतात, दोघांनाही सुट्टी. उलटं मात्र परवडत नाही: यांना एकट्याला नॉर्वेला पाठवलंत तर केबिनमध्ये एकटाच म्हणून त्याला माणशी भाड्याच्या दीडपट, कधी दुप्पटही लावतात. ही गोष्ट जाऊबाईंच्या हिशेबाच्या वहीत घालायला हरकत नाही.

तिकीट काढण्याआधी दलालाकडून कागदावर घ्या: केबिन कितव्या मजल्यावर आणि बोटीच्या कुठल्या भागात, तीन वेळचं जेवण धरलंय का, कुठल्या सहली फुकट आणि कुठल्या विकत, फेरी रद्द झाली तर पैसे कधी परत. तोंडी "हो हो मॅडम, सगळं इन्क्लुडेड" यावर जाऊ नका.

आणि मांडव्याहून परतताना काय झालं, ते मला कळवा.